‘आणि’ आणि ‘किंवा’

“पोळी हवी की भात?” असं विचारलं की माझा मुलगा म्हणायचा, “भात.” भात वाढला की ताट ढकलून द्यायचा आणि रडायचा. हट्टी आहे, असं आम्ही धरून चाललो होतो. मग एकदा मी घाईत उलटं विचारलं, “भात हवा की पोळी?” तर तो म्हणाला, “पोळी.” त्या दिवशी मी ओट्यापाशी उभी राहून दहा-बारा वेळा वेगवेगळं विचारून पाहिलं. दूध की पाणी? पाणी. पाणी की दूध? दूध. लाल मोजे की निळे? निळे. शेवटचा शब्द तेवढा तो मला परत देत होता. ‘की’ त्याला ऐकू येत होता, पण त्या एवढ्याशा अक्षराच्या पोटात निवड असते हे त्याला उमगत नव्हतं.

तेव्हा तो अडीच वर्षांचा होता आणि आम्ही न्यू जर्सीत, एडिसनजवळ, नुकतेच भाड्याच्या घरातून स्वतःच्या घरात आलो होतो. तहान लागली की तो म्हणायचा, “तुला पाणी हवं.” आम्ही त्याला “तुला पाणी हवं का?” असं विचारायचो, म्हणून पाणी मागायचं म्हणजे ‘तुला पाणी हवं’ म्हणायचं, असं त्यानं स्वतःशी ठरवलं होतं. स्टीलच्या वाट्या फरशीवर गरागरा फिरवायचा आणि त्या थांबताना जो आवाज होतो तो गाल जमिनीला टेकवून ऐकायचा. सासूबाई म्हणायच्या, बाप्याची जात, उशिराच बोलतात. माझ्या आईला फोनवर सांगितलं की आता त्याला ओटी सुरू करायची आहे, तर ती म्हणाली, “अगं, मुलाची कसली ओटी भरतेस?” ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं करायला शिकवणारा उपचार, हे नाव तिनं त्यानंतर इतक्या मनापासून पाठ केलं की कोल्हापुरात शेजारणींना तीच समजावून सांगायला लागली.

२०१० सालच्या डिसेंबरात त्याची ऑटिझमसाठी, म्हणजे स्वमग्नतेसाठी, तपासणी झाली. एडॉस नावाची ती चाचणी असते. तपासणाऱ्या बाई मुलाबरोबर खेळतात आणि खेळता खेळता टिपणं काढतात. साबणाचे फुगे असतात, बाहुली असते, बाहुलीचा वाढदिवस असतो. वाढदिवसाला चिकणमातीचा केक, त्यात मेणबत्त्या म्हणून काड्या खोचायच्या. माझ्या मुलानं काड्या खोचल्या नाहीत. त्यानं ती छोटी बशी दोन्ही हातांत उचलली आणि बाहुलीच्या तोंडासमोर गोल गोल फिरवायला लागला. बाईंनी काहीतरी लिहिलं. मी कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते, मला बोलायची परवानगी नव्हती, पण राहवेना. म्हटलं, हे औक्षण आहे. आमच्याकडे वाढदिवसाला केकच्या आधी ओवाळतात. त्या बाई फार भल्या होत्या. त्यांनी मला दोनदा विचारून घेतलं, ‘औक्षण’ हा शब्द त्यांच्या पद्धतीनं लिहून घेतला आणि आधी लिहिलेलं खोडलं.

हे खोडणं पुढे मला अनेक रात्री आठवणार होतं.

अहवालात निदान आलं पीडीडी-एनओएस. पर्व्हेसिव्ह डेव्हलपमेंटल डिसऑर्डर, नॉट अदरवाइज स्पेसिफाइड. म्हणजे विकासात सगळीकडे पसरलेली अडचण आहे, पण दुसऱ्या कुठल्याच कप्प्यात नीट बसत नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची संघटना जो निदानग्रंथ काढते, डीएसएम, त्याच्या १९९४च्या चौथ्या आवृत्तीत ऑटिझमच्या कुटुंबातली पाच नावं होती: ऑटिस्टिक डिसऑर्डर, अ‍ॅस्पर्गर (बोलणं वेळेवर येतं, पण माणसांत मिसळणं जमत नाही तो प्रकार), रेट हा जनुकीय विकार, बालपणी सगळं शिकलेलं विसरायला लावणारा एक दुर्मीळ विकार आणि हे आमचं पाचवं. पाचवं नाव दारात चपला काढतात त्या जागेसारखं होतं. घरात आहे की बाहेर आहे, हे नक्की सांगता येऊ नये असं.

पण त्या नावानं आम्हाला खूप दिलं. न्यू जर्सीत २००९ साली कायदा झाला होता की विमा कंपन्यांनी ऑटिझमच्या उपचारांचा खर्च द्यायचा, आणि त्यात हे पाचवं नावही मोडत होतं. स्पीच, ओटी, घरी येऊन शिकवणारी एक तरुण मुलगी, आठवड्याचे ठरलेले तास. तिसऱ्या वाढदिवसानंतर सरकारी शाळेच्या छोट्या वर्गात जागा. एक सल्ला मात्र असाही मिळाला की घरात एकच भाषा बोला, मुलाचा गोंधळ होतो. आम्ही तो मानला. दोन वर्षं मी माझ्या मुलाशी मराठीत बोलले नाही. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलांचं बोलणं मागे पडत नाही, हे त्यानंतरच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. ती दोन वर्षं मला अजून सलतात. आजीशी तो व्हिडिओवर नुसता बघत बसायचा, आणि आजी इंग्रजीत “हॅलो, हॅलो” एवढंच म्हणू शकायची.

२०१२च्या जानेवारीत, एका सकाळी ऑफिसच्या गाडीत, मी फोनवर बातमी वाचली की डीएसएमची पाचवी आवृत्ती येते आहे आणि तिच्यात ऑटिझमची व्याख्या बदलणार आहे. पाचही नावं जाणार. रेट बाजूला निघणार आणि बाकीच्या चारांच्या जागी एकच नाव येणार, ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर. येल विद्यापीठातले डॉक्टर फ्रेड वोल्कमार, ज्यांनी चौथ्या आवृत्तीतला ऑटिझमचा भाग घडवला होता, तेच सांगत होते की नव्या निकषांत बरीच मुलं बसणार नाहीत. त्या वर्षीच्या वसंतात त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध छापून आला. १९९३ साली गोळा केलेल्या जुन्या नोंदी त्यांनी नव्या निकषांनी तपासल्या होत्या. ज्यांना पूर्वी निदान मिळालं होतं त्यांतले सुमारे ६१ टक्के लोक नव्या व्याख्येत टिकत होते. अ‍ॅस्पर्गरवाल्यांपैकी २५ टक्के. पीडीडी-एनओएसवाल्यांपैकी २८.

अठ्ठावीस. म्हणजे माझ्या मुलासारखी शंभर मुलं रांगेत उभी केली तर बहात्तरांना, तुम्ही घरी जा, असं सांगणार.

त्या रात्री नवरा आणि मुलगा झोपल्यावर मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मसुद्यातले निकष वहीत उतरवले. जुन्या पुस्तकात ऑटिस्टिक डिसऑर्डरसाठी बारा लक्षणं होती. त्यांतली कुठलीही सहा, पण सामाजिक गटातली किमान दोन आणि बाकीच्या दोन गटांतलं किमान एकेक. नव्यात दोनच गट. सामाजिक संवादातली तीनही लक्षणं हवीत, ‘आणि’ तोचतोचपणाच्या चार लक्षणांपैकी दोन हवीत. मी शाळेत गणितात बरी होते. मांडून पाहिलं तर जुन्या नियमानं निदानापर्यंत पोचायच्या २०२७ वाटा निघतात. नव्या नियमानं ११. कागदावर हे दोन आकडे शेजारी लिहिले आणि पेन खाली ठेवलं.

मग मी बोटं मोजायला लागले. तीनपैकी तीन: समोरच्याशी देवाणघेवाण, नजर आणि हावभाव, मित्र. मित्र? पलीकडच्या घरातल्या मुलीच्या मागे तो धावतो. ती मैत्री धरायची का? चारपैकी दोन: वाट्या फिरवणं, शब्द परत म्हणणं. पण ही दोन्ही एकाच लक्षणात मोडतात, आणि शब्द परत म्हणणं तर आता कमी झालंय. आणि औक्षण. मी तेव्हा गप्प बसले असते तर हात गोल फिरवणं हे एक लक्षण अहवालात कायमचं राहिलं असतं. आपल्या मुलाच्या नावावर एक खूण जास्त पडावी म्हणून आई रात्री बारा वाजता हळहळते आहे, हे माझ्या आईला कसं समजावून सांगितलं असतं? आपल्याकडे आई मुलाचा एक मार्क वाढवायला मास्तरांच्या घरी जाते. मी उलट्या परीक्षेला बसले होते, जिथे नापास झालं तरच पुढच्या वर्गात घेतात.

वाचत गेले तशी आणखी एक गोष्ट हाती लागली, आणि तिच्यामुळे मी डीएसएमकडे बघायची पद्धतच बदलली. १९९४च्या आवृत्तीत पीडीडी-एनओएसचं वर्णन करणाऱ्या वाक्यात चूक झाली होती. सामाजिक अडचण असायलाच हवी आणि तिच्या जोडीला संवादातली अडचण किंवा तोचतोचपणा हवा, असं म्हणायचं होतं. छापलं गेलं ते असं की सामाजिक अडचण किंवा संवादातली अडचण किंवा तोचतोचपणा, यांतलं काहीही एक. संपादनात एक शब्द इकडचा तिकडे झाला. सहा वर्षं जगभरातल्या दवाखान्यांत ते पुस्तक तसंच उघडलं जात होतं. २०००च्या सुधारित मुद्रणात ते दुरुस्त केलं गेलं. आणि पाचव्या आवृत्तीतही तेच झालं. ‘पुढील लक्षणांतून दिसणारी’ एवढंच छापलं, तर काहींनी त्याचा अर्थ ‘पुढीलपैकी कुठलंही’ असा घेतला. शेवटी २०२२च्या सुधारणेत ‘पुढील सर्व’ असं घालावं लागलं.

इंग्रजीत प्रश्नातही ‘ऑर’ आणि विधानातही ‘ऑर’. मराठीत आपण प्रश्नाला ‘की’ ठेवलाय आणि विधानाला ‘किंवा’. माझ्या मुलाला ‘की’ कळत नव्हता म्हणून आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलं, आणि ज्या पुस्तकानं त्याला नाव दिलं त्या पुस्तकालाही स्वतःचा ‘किंवा’ कुठे ठेवायचा ते दोनदा चुकलं होतं. हे मी कडवटपणे सांगत नाही. मला त्याचा आधार वाटला. ही रेघ कुणी आकाशातून ओढलेली नाही, माणसांनी टेबलाभोवती बसून ओढली आहे, हे कळल्यावर तिच्याविषयी बोलायचं धाडस आलं.

रेघ पहिल्यापासून हलतच आली आहे. १९४३ साली बाल्टिमोरमध्ये लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची हकिगत लिहिली, आठ मुलगे, तीन मुली. ‘मी’च्या जागी ‘तू’ म्हणणं, ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणणं, वस्तू गरागरा फिरवणं, सगळं त्यात आहे. माझा मुलगा कोल्हापूरच्या बोलीत जे करत होता ते मिसिसिपीतल्या डॉनल्ड नावाच्या मुलानं सत्तर वर्षांपूर्वी करून ठेवलं होतं, आणि ते वाचताना मला रडू आलं. हे डॉनल्ड ट्रिपलेट पुढे बँकेत नोकरी करून, गोल्फ खेळून, आपल्या गावात मानानं राहिले आणि २०२३ साली, ८९व्या वर्षी गेले. कॅनरनी नंतर थंड स्वभावाच्या आईबापांवर बोट ठेवलं आणि पुढची वीसेक वर्षं आयांनी ते सोसलं. १९६८च्या डीएसएममध्येही ऑटिझमला स्वतःचं निदान म्हणून जागाच नव्हती. मुलांचा स्किझोफ्रेनिया यात ते जमा व्हायचं. १९८०मध्ये पहिल्यांदा वेगळं नाव मिळालं, तेही तीस महिन्यांच्या आत सुरुवात झाली असेल तरच.

ही रेघ एवढी रुंद कुणी केली, हे शोधताना मला लॉर्ना विंग सापडल्या, आणि या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जवळच्या त्याच वाटतात. त्या लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञ. १९५६ साली त्यांना मुलगी झाली, सूझी. सूझीला ऑटिझम होता, आणि तो सौम्य नव्हता. १९६२ मध्ये विंग आणि त्यांच्यासारख्या काही पालकांनी मिळून ब्रिटनमधली ऑटिझमची संस्था उभी केली. सत्तरच्या दशकात ज्युडिथ गूल्ड यांच्याबरोबर त्यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातली मुलं तपासली, आणि १९७९ साली लिहिलं की कॅनरच्या चौकटीत तंतोतंत बसणारी मुलं थोडी आहेत, पण तशाच अडचणी असलेली, चौकटीबाहेर राहिलेली मुलं कितीतरी आहेत. त्या मुलांना मदत मिळत नव्हती, कारण नाव नव्हतं. १९८१मध्ये त्यांनी व्हिएन्नाच्या हान्स अ‍ॅस्पर्गर यांचं विस्मरणात गेलेलं काम पुन्हा वर आणलं आणि त्यांनी वर्णन केलेल्या प्रकाराला त्यांचं नाव दिलं. (अ‍ॅस्पर्गर यांनी नाझी राजवटीत काही मुलांना आम श्पीगेलग्रुंड या मृत्यूच्या दवाखान्यात पाठवायला हातभार लावला होता, हे पुराव्यानिशी २०१८ साली पुढे आलं. तिथे जवळपास आठशे मुलं मेली. ते नाव आता पुस्तकातून गेलं याचं मला दुःख नाही, पण ज्यांनी ते नाव प्रेमानं स्वतःला लावून घेतलं होतं त्यांच्या पायाखालची जमीन गेली हेही मी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.)

मला विंगबाईंचं हे फार महत्त्वाचं वाटतं की स्वतःच्या घरात सर्वांत अवघड टोक असताना त्यांनी दार दुसऱ्या टोकाच्या मुलांसाठी उघडलं. माझा मुलगा त्या दारातून आत आला.

२०१२च्या मार्चमध्ये अमेरिकेचे नवे आकडे आले: ८८ मुलांत एक. न्यू जर्सीत ४९ मुलांत एक. मंडळाच्या गुढीपाडव्याला बायका हळू आवाजात तेच बोलत होत्या. कोणी म्हणालं पाण्यात काहीतरी आहे. कोणी म्हणालं डॉक्टर आता कुणालाही लेबल लावतात, म्हणूनच तर निकष कडक करतायत. हे म्हणणारी बाई माझ्याशी बोलत नव्हती, पण माझा मुलगा त्या वेळी टेबलाखाली बसला होता, दोन्ही कानांवर हात ठेवून. मी तिथे काही बोलले नाही. पुढे मे महिन्यात डीएसएम काढणाऱ्या संघटनेनं लोकांची मतं मागवली, तिथे मी पहिल्यांदा लिहिलं. पीडीडी-एनओएसच्या मुलांना बाहेर काढू नका, एवढंच, साध्या इंग्रजीत.

त्याच वर्षी ऑक्टोबरात कॅथरीन लॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. नवे निकष लिहिणाऱ्या गटात त्या होत्या. एडॉस चाचणीही त्यांचीच. त्यांनी हजारो मुलांच्या नोंदी पाहून सांगितलं की ९१ टक्के मुलं नव्या निकषांत बसतात. येलचे ६१ आणि इथे ९१. एवढा फरक कसा? एक कारण असं की जुन्या नोंदींत जे विचारलंच गेलं नव्हतं ते नव्या निकषांना सापडणार नव्हतं. १९९३च्या कागदांवर मुलाला कुकरच्या शिट्टीचा त्रास होतो का, असा प्रश्न नव्हता.

आणि इथे मला कबूल करावं लागलं की मी ज्या व्याख्येला घाबरत होते ती एका बाबतीत माझ्या मुलाला जुन्या व्याख्येपेक्षा जास्त ओळखत होती. आवाज, वास, स्पर्श यांचा अतोनात त्रास किंवा अतोनात ओढ, हे पाचव्या आवृत्तीत पहिल्यांदा निकष म्हणून आलं. आमच्या घरात मिक्सर लावायच्या आधी मी ओरडून सांगायचे आणि तो गॅरेजमध्ये पळायचा. गणपतीत ढोल-ताशा सुरू झाला की तो ओकायचा. आम्ही दोन वर्षं मिरवणूक गाडीच्या काचा वर करून पाहिली. स्वेटरचं लेबल कात्रीनं कापलं तरी शिवणीचा टोचरा भाग त्याला सापडायचा. चौथ्या आवृत्तीतल्या बारा लक्षणांत यातलं एकही नव्हतं. पाचव्यात ते चारपैकी एक होतं. माझी बोटं भरली.

१८ मे २०१३ला ते पुस्तक सॅन फ्रान्सिस्कोत प्रसिद्ध झालं. निकषांच्या खाली एक टीप होती: ज्यांना चौथ्या आवृत्तीनुसार ऑटिस्टिक डिसऑर्डर, अ‍ॅस्पर्गर किंवा पीडीडी-एनओएसचं पक्कं निदान झालेलं आहे त्यांना ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर हे निदान द्यावं. तेवढी टीप मसुद्यावरच्या वर्षभराच्या वादातून मिळाली असावी, असं मला आजही वाटतं. पुढच्या वर्षी सरकारी आकड्यांवरून अंदाज निघाला की जुन्या निकषांत बसणाऱ्यांपैकी ८१ टक्के मुलं नव्यात बसतात. म्हणजे भीती सगळी खरी नव्हती आणि सगळी खोटीही नव्हती. ज्यांना टीप लागू होती ते वाचले. त्यांच्यानंतर जन्मलेली, काठावरची मुलं कुठे गेली, याचा विचार माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आकडा तर वाढतच राहिला. २०२५च्या एप्रिलमध्ये जाहीर झालेला आहे ३१ मुलांत एक. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी १९८० ते १९९१ मध्ये जन्मलेल्या मुलांचा अभ्यास करून दाखवलं की तिथल्या वाढीतली ६० टक्के वाढ निकष बदलल्यामुळे आणि नोंदीची पद्धत बदलल्यामुळे झाली. तरीही अमेरिकेच्या आरोग्यमंत्र्यांनी त्या एप्रिलमध्ये ‘साथ’ हा शब्द वापरला, आणि ही मुलं कधी नोकरी करणार नाहीत, कर भरणार नाहीत, कविता लिहिणार नाहीत, असं म्हटलं. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. उन्हाळ्यात वाचनालयात पुस्तकं जागेवर लावायचं काम करतो आणि त्याच्या पगारातून कर कापला जातो. मी ती पगाराची चिठ्ठी त्या दिवशी ड्रॉवरमधून काढून पाहिली. राग आला होता. पण रागाच्या मागोमाग पुण्याची माझी मावसबहीण आठवली आणि तो राग माझ्या हातात तसाच राहिला. कारण तिच्या मुलाबद्दल ते शब्द खरे आहेत.

तिचा मुलगा २००१चा. माझ्यापेक्षा सात वर्षं आधी ती या वाटेवर होती, आणि तिच्या वाटेवर दिवे नव्हते. भारतात १९९५च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यांत ऑटिझम नव्हता. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, पण हातात प्रमाणपत्र पाहिजे तर त्यावर ‘मतिमंदत्व’ असंच लिहून घ्यावं लागायचं. तिनं घेतलं. २०१६च्या कायद्यात एकवीस प्रकार झाले आणि ऑटिझमला स्वतःची ओळ मिळाली, तेव्हा ती पुन्हा मुलाला घेऊन सरकारी रुग्णालयात गेली. आपल्याकडे त्यासाठी ‘इसा’ नावाची मापणी आहे, सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं बनवलेली. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. सत्तरच्या खाली ऑटिझम नाही. १०६पर्यंत सौम्य, १५३पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. तिच्या मुलाला १५१ मिळाले.

“मध्यम म्हणजे काय गं?” तिनं मला फोनवर विचारलं होतं. चोवीस वर्षांचा मुलगा, सहा फूट उंच, बोलतो तो एकच शब्द, “चल.” त्याला आंघोळ घालावी लागते. चिडला की स्वतःचा हात चावतो. मनगटावर घट्टा पडला आहे. ती गेल्या दहा वर्षांत एका लग्नालाही पूर्ण वेळ थांबलेली नाही.

गेल्या डिसेंबरात आम्ही तिच्याकडे चार दिवस राहिलो. माझा मुलगा जेवणाच्या टेबलावर तिच्या नवऱ्याशी पुणे मेट्रोच्या मार्गांवर बोलत होता, मोडक्या पण स्वतःच्या मराठीत. ती पोळ्या लाटता लाटता ऐकत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “याला आणि माझ्या पोराला एकच नाव कसं गं?”

मला उत्तर आलं नाही. माझ्या मुलाच्या कागदावर ‘लेव्हल १’, म्हणजे कमीत कमी मदत लागणारा, असं आहे आणि तिच्या मुलाला अमेरिकेत ‘लेव्हल ३’, म्हणजे सर्वांत जास्त मदत लागणारा, म्हटलं असतं, हे मी तिला सांगू शकले असते. पण ‘स्वमग्न मुलगा’ म्हटलं की आता लोकांना मेट्रोवर बोलणारा मुलगा आठवतो, आणि तिचा मुलगा आठवत नाही. मी ज्या दारासाठी भांडले त्या दारातून इतकी माणसं आत आली की आधीपासून आत बसलेला भिंतीकडे ढकलला गेला.

२०२१च्या डिसेंबरात लॅन्सेटच्या आयोगानं एक शब्द सुचवला आहे: प्रोफाउंड ऑटिझम. आठ वर्षांच्या पुढचं मूल, बोलणं नाही किंवा अगदी थोडं, अथवा बुद्ध्यंक पन्नासच्या खाली, आणि चोवीस तास कुणीतरी मोठं माणूस जवळ लागतं. त्या आयोगात कॅथरीन लॉर्डच होत्या. वेगवेगळ्या नावांचं एक करणाऱ्यांतल्या एक. २०२३च्या एका सरकारी अभ्यासात अमेरिकेतल्या ऑटिझम असलेल्या आठ वर्षांच्या मुलांपैकी २६.७ टक्के मुलं या वर्णनात बसली. अनेक ऑटिस्टिक प्रौढांना हा शब्द नको आहे. ते म्हणतात, असं नाव एकदा चिकटलं की त्या माणसाकडून कुणी कशाची अपेक्षाच ठेवत नाही. आज न बोलणारा उद्या टाइप करून बोलेल, ही वाट बंद होते. त्यांचं म्हणणं मी गंभीरपणे ऐकते, कारण माझा मुलगा उद्या त्यांच्यातला एक असेल. तरी मला तो शब्द हवासा वाटतो. २०१२ साली मी रेघ आत सरकवू नका म्हणून लिहिलं, त्याचा मला पश्चात्ताप नाही. आता आतल्या बाजूला आणखी एक रेघ ओढा, असं मी म्हणते. माझ्या मुलाला त्यानं काही मिळणार नाही.

तिच्याकडच्या तिसऱ्या रात्री मला साडेतीनला जाग आली. जेट लॅग होताच, पण बाहेर आवाजही होता. स्वयंपाकघरात दिवा होता. तिचा मुलगा ओट्याला टेकून डोलत उभा होता, रात्री तो झोपतच नाही फारसा. ती त्याच्यासमोर, केस विस्कटलेले, दोन्ही हातांत दोन पेले.

“दूध की पाणी?” तिनं विचारलं आणि एकेक पेला जरा पुढे केला.

तो डोलत राहिला. मी दारातच थांबले. ओट्यावरची भांडी आवरायला पुढे होणार होते, तर तिनं मान हलवून मला थोपवलं.

“मधे बोलू नको,” ती हळूच म्हणाली. “वेळ लागतो त्याला. कधी कधी दोन-दोन मिनिटं.”

आणि हात न खाली घेता ती तशीच उभी राहिली.